तोंडी बोलीवर घर भाड्याने घेताना: खानदेशात नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगावच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला विद्यार्थी, भुसावळला बदलून आलेला रेल्वे कर्मचारी, दीपनगरच्या औष्णिक केंद्रात किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत रुजू झालेला तंत्रज्ञ, शहाद्याच्या बँकेत नेमणूक झालेली लिपिक, अशा बहुतेकांना खानदेशातले पहिले घर कोणाच्या तरी ओळखीने मिळते. ओळखीतल्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असा समज दोन्ही बाजूंना असतो. भाडे ठरते, अनामत दिली जाते, किल्ली हातात येते आणि उरलेले सगळे ‘पाहू नंतर’ यावर राहते. पुढील मजकूर अशा तोंडी व्यवहारात राहणाऱ्या किंवा राहू पाहणाऱ्या भाडेकरूसाठी आहे. घरमालकानेही तो वाचावा, कारण करार लेखी नसल्याचा फटका कायद्याने भाडेकरूपेक्षा मालकालाच अधिक बसतो, आणि ही गोष्ट फार थोड्या मालकांना ठाऊक असते.

कोणता कायदा लागू होतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे, मात्र तो राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही; त्याच्या अनुसूचींत दिलेल्या आणि जुने भाडे कायदे जिथे चालत होते अशा क्षेत्रांना तो लागू होतो. म्हणून आपले गाव त्यात येते का, हे तालुका न्यायालयातल्या एखाद्या वकिलाला विचारून प्रथम निश्चित करावे. जिथे हा कायदा पोहोचत नाही तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चालतो. तोंडी भाडेपट्टा या जुन्या कायद्यालाही मान्य आहे. घराचा ताबा दिला गेला असेल आणि मुदत वर्षाहून जास्त नसेल, तर बोलीवरचा व्यवहारही वैध ठरतो. वेगळे काही ठरलेले नसेल तर राहत्या घराची भाडेदारी महिन्या-महिन्याची मानली जाते (कलम १०६), आणि ती संपवायची असेल तर मालक असो वा भाडेकरू, त्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे पंधरा दिवस नोटीस हाती पडल्यापासून मोजतात.

खानदेशात ‘या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढच्या आखाजीपर्यंत’ असे वर्षाच्या हिशेबाने बोलण्याची पद्धत आहे. सालदारासाठी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यासाठी, ती सोयीची असेल. घरासाठी ती धोक्याची आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षावारी भाड्याचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो, त्यामुळे ‘वर्षभर कोणी उठवणार नाही’ या तोंडी शब्दावर फार विसंबू नये.

भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या क्षेत्रात भाडेकरूच्या हातातला सर्वांत मोठा आधार म्हणजे कलम ५५. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे, असे ते सांगते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी ते मालकावर टाकते. असा करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. हे कलम मोडणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, म्हणून शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी केली की काम झाले, हा समज बाजारात इतका पक्का आहे की एजंटही तेच सांगतात. हा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात मुदत कितीही लहान असली तरी कलम ५५ लागू होते, आणि नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. मालक स्वतः राहतो त्याच घरात एक खोली, सोबत डबा, किंवा विद्यार्थ्यांसाठी कॉट बेसिसवर जागा, असा व्यवहार असेल तर न्यायालय त्याला भाडेदारी न मानता केवळ राहण्याची परवानगी मानू शकते, आणि मग भाडेकरूला मिळणारे संरक्षण बरेच कमी होते.

राहायला जाण्यापूर्वी

किल्ली घेण्याआधी घर नेमके कोणाचे आहे ते पाहावे. शहरात मालमत्ता कराच्या पावतीवरचे किंवा मालमत्ता पत्रकावरचे नाव, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, एवढे दाखवायला कोणी सहसा नकार देत नाही. घर वडिलांच्या नावावर, भाडे घेणारा धाकटा मुलगा आणि वाटणी अजून झालेली नाही, ही स्थिती आपल्याकडे अगदी सर्रास आढळते. अशा घरात दोन वर्षांनी दुसरा भाऊ दारात उभा राहून ‘तुम्हाला कोणी ठेवले’ असे विचारतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून कोणाला भाडे दिले याचा पुरावाच कामी येतो.

त्यानंतर अटी ठरवाव्यात आणि ठरलेल्या अटी त्याच दिवशी मालकाला संदेशाने कळवाव्यात. यात अविश्वासाचा सूर येण्याची गरज नाही. आठवण म्हणून लिहिले तर कोणी दुखावत नाही. उदाहरणार्थ असा मजकूर पुरेसा आहे:

“नाना, नमस्कार. आज बोलणे झाल्याप्रमाणे वरच्या मजल्यावरील दोन खोल्या मी १ जूनपासून दरमहा ६,००० रुपये भाड्याने घेत आहे. अनामत २०,००० रुपये आज तुमच्या खात्यावर जमा केली आहे. घर सोडताना ती परत मिळेल. लाइटबिल सब-मीटरच्या रीडिंगप्रमाणे मी भरेन, घरपट्टी-पाणीपट्टी तुमच्याकडे राहील. सोडताना एक महिना आधी कळवायचे ठरले आहे. काही राहिले असेल तर सांगा.”

यावर ‘ठीक आहे’ एवढे उत्तर आले तरी पुष्कळ झाले, आणि उत्तर न येता नुसते वाचले गेले तरी संदेश निरुपयोगी ठरत नाही. असे संदेश न्यायालयात मांडता येतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून घेतात. मात्र फोन बदलताना जुने संभाषण पुसले जाणार नाही याची काळजी आपणच घ्यायची आहे.

ताबा घेताना खोल्यांचे, नळांचे, स्वीचबोर्डांचे, भिंतीवरच्या ओलीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. जुने धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) घर असेल तर छताचे फोटो मुद्दाम घ्यावेत, कारण पावसाळ्यात धाबे गळू लागले की ते आधीपासून गळत होते की नाही यावरच वाद होतो.

पैसे आणि पावती

भाडे रोख देऊ नये. यूपीआयने किंवा बँकेतून दरमहा एकाच तारखेच्या आसपास भाडे गेले की भाडेदारीचा, भाड्याच्या रकमेचा आणि नियमितपणाचा पुरावा कोणताही खटाटोप न करता तयार होत जातो. पैसे पाठवताना ‘जून भाडे’ असे शेऱ्यात लिहावे. केवळ रक्कम गेली तर ती उसनवार होती असेही कोणी म्हणू शकतो. मालकाला रोखच हवे असेल तर पावती मागावी. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. तरीही पावती मिळत नसेल, तर भाडे देऊन आल्यावर ‘आप्पा, जुलैचे ६,००० आज दुकानावर दिले’ असा संदेश पाठवून ठेवावा.

अनामत किती असावी याची मर्यादा महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घालणारा आदर्श भाडेकरू कायदा केंद्राने २०२१ मध्ये नमुना म्हणून मांडला; तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, त्यामुळे त्याचा दाखला देऊन मालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भाडेवाढीचा नियम मात्र स्पष्ट आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ११ नुसार मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. घरात नवी सुधारणा केली किंवा कर वाढले तर त्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण ‘शेजारच्याला आठ हजार मिळतात’ हे वाढीचे कायदेशीर कारण होत नाही.

पोलिसांकडे माहिती

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश प्रशासन वेळोवेळी काढते आणि ती जबाबदारी मालकाची असते. हे काम पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही होते. तोंडी व्यवहारातल्या भाडेकरूने याला त्रास न मानता स्वतःहून पाठपुरावा करावा, कारण कोणत्या पत्त्यावर, कधीपासून आणि कोणाचा भाडेकरू म्हणून आपण राहतो याची सरकारदरबारी पडलेली ती नोंद असते. मालक अशी माहिती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तो हा व्यवहार पुढेमागे नाकारणार आहे का, याचा विचार तेव्हाच करावा.

वीज, पाणी, दुरुस्ती

आपल्याकडचे बहुतेक खटके इथेच उडतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, कूलर दिवसरात्र चालतो, त्याला पाणीही लागते, आणि पाणी रोज येत नसलेल्या वस्तीत टाकी रिकामी झाली की मालक आणि भाडेकरू समोरासमोर येतात. म्हणून कूलरची वीज कोणत्या मीटरवर, पाणी कोणत्या टाकीतून आणि मोटर कोणी चालवायची, हे उन्हाळ्याआधीच बोलून घ्यावे. सब-मीटरचा दर महावितरणच्या बिलाशी ताडून पाहावा आणि बिलाची प्रत मागावी.

भांडण कोणत्याही कारणाने झालेले असो, मालकाला वीज किंवा पाणी तोडता येत नाही. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, शौचालयाची सफाई या गोष्टी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये अत्यावश्यक सेवा मानल्या आहेत. योग्य कारणाशिवाय त्या बंद करणे हा गुन्हा आहे आणि न्यायालय त्या तातडीने सुरू करण्याचा आदेश देऊ शकते. भाडे थकले असले तरी मालकाचा मार्ग न्यायालयातूनच जातो, मीटरच्या कटआउटमधून नाही. वीज कायदा, २००३ चे कलम ४३ तर मालकाप्रमाणे जागेत राहणाऱ्या व्यक्तीलाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते, आणि मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

घर राहण्यायोग्य ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्ती मालकाने करायची असते. त्याने ती केली नाही तर किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षभरात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये (भाडे नियंत्रण कायदा, कलम १४). सहा हजार भाडे असेल तर ही मर्यादा वर्षाला अठरा हजार होते. सूचना न देता परस्पर काम करून पैसे कापले, तर तीच रक्कम पुढे थकबाकी म्हणून मांडली जाते. खर्चाची बिले आणि कामाआधीचे व नंतरचे फोटो जपून ठेवावेत.

मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करू नये, कारण तेवढ्यावरून घर खाली करण्याचा दावा होऊ शकतो. हवा खेळण्यासाठी खिडकी काढणे, स्वयंपाकाचा ओटा करणे, एअर कंडिशनर बसवणे ही कामे, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर कायदा पक्के बांधकाम मानत नाही. तरीही खिडकीत कूलर बसवण्यासाठी जाळी कापायची असेल तर आधी विचारणे बरे. विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

घर खाली करायला सांगितले तर

‘करारच नाही, उद्या खोली रिकामी करा’ या वाक्याला कायद्यात आधार नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात भाडेकरू भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही, आणि तेही न्यायालयाच्या हुकमानेच. ही कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत. मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी खरोखर गरज असणे, भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, घर विनाकारण सहा महिने बंद ठेवणे, ही त्यांतली नेहमी पुढे येणारी कारणे आहेत. मालकाच्या गरजेचा मुद्दा आला तरी घर सोडल्याने भाडेकरूला होणारी अडचण आणि न मिळाल्याने मालकाला होणारी अडचण न्यायालय तोलून पाहते.

थकबाकीसाठी वेगळी वाट आहे. मालकाने आधी लेखी मागणी करावी लागते आणि त्यानंतर नव्वद दिवस थांबावे लागते. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकीत भाडे, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, व पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. म्हणून वाद पेटला की ‘आता भाडे देत नाही, अनामतीतून कापून घ्या’ असे म्हणणे ही भाडेकरूच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक आहे. मालक भाडे घ्यायचे नाकारत असेल तर बँकेतून पाठवावे; तेही परत आले तर भाडे द्यायला तयार आहोत असे पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी.

आपण बाहेरगावी गेलो असताना मालकाने कुलूप बदलले किंवा सामान बाहेर काढले, तर ११२ वर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर तिथे बहुधा ऐकू येईल, तरी अर्ज दिल्याशिवाय परतू नये. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, कायद्याची रीत सोडून ताबा काढून घेतला गेला असेल, तर सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्नच येत नाही. मुंबईसारखे लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी भाड्याचे वाद दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे.

मालकाची भीती आणि नोंदणीचा खर्च

‘बारा वर्षे राहिला की घर भाडेकरूचे होते’ या भीतीपोटी बरेच मालक कागद करत नाहीत आणि दर वर्षी-दोन वर्षांनी माणूस बदलतात. ही भीती चुकीची आहे. भाडेकरू म्हणून घरात आलेल्या माणसाला, भाडेदारी चालू असेपर्यंत, मालकाची मालकी नाकारता येत नाही, आणि नुसते भाड्याने राहून कोणी मालक होत नाही. उलट नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जलद अर्ज करता येतो, तो लेखी करार तिथे निर्णायक पुरावा ठरतो, आणि घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने रक्कम वसूल करता येते. तोंडी व्यवहार करणारा मालक ही वाट स्वतःच बंद करून घेतो.

भाडेकरूने हाच मुद्दा मालकापुढे ठेवावा, आणि सोबत खर्चही सांगावा. अकरा महिन्यांचे ६६,००० रुपये भाडे आणि २०,००० अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्यावर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे १७० रुपये पडतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. हे काम आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. एजंट घरी येऊन करून देतात, त्यांची फी वेगळी. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवली की निम्मे मालक तयार होतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

घर सोडताना

ठरलेली मुदत आधी लेखी कळवावी. काहीच ठरले नसेल तर किमान पंधरा दिवस. शेवटच्या दिवशी मालकासोबत खोल्या पाहाव्यात, मीटरचा आकडा दोघांनी नोंदवावा, वीजबिल चुकते करावे आणि पुन्हा फोटो काढावेत. किल्ली देतानाच अनामत मागावी. रंगाचा खर्च कापण्याची पद्धत जळगाव-धुळ्यात रूढ आहे. आधी ठरलेले नसेल तर साध्या वापराने फिकट झालेल्या रंगाचे पैसे द्यायचे कारण नाही, मुद्दाम किंवा निष्काळजीपणे केलेल्या नुकसानीचे मात्र द्यावेत. अनामत ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे सांगितले गेले तर रक्कम आणि तारीख संदेशात लिहून घ्यावी, कारण ती वसूल करण्यासाठी दावा करायचा झाल्यास तीन वर्षांची मुदत असते, आणि मालकाने देणे लेखी कबूल केले असेल तर वकिलाच्या एका नोटिशीवरच बहुतेक वेळा पैसे मिळतात.